डाव्या नळीतली स्प्रिंग

१

नवशीची तीन बोटं गेली त्या दिवशी अच्छाडच्या चिकू सुकवायच्या केंद्रातलं काम होतं तिथंच थांबलं. चिकूच्या चकत्यांनी भरलेले ट्रे तसेच पडून राहिले आणि त्यांना आंबूस वास सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी जागृती सावे हायवेवरून आत वळली तेव्हा दारातच तो वास अंगावर आला, आणि घरून निघताना पेटलेला तिचा राग आणखी भडकला.

राग दोन गोष्टींचा होता. अपघात आदल्या दुपारी झाला होता आणि तिला कळलं ते सकाळच्या चहाला. तिचा मोठा भाऊ धनेश दुपारीच इथं येऊन गेला होता, जखमी बाईला वापीच्या दवाखान्यात पोचवायला त्यानेच गाडी दिली होती, पण बहिणीला त्याने सांगितलं दुसऱ्या दिवशी, 'उगाच तुझ्या जिवाला घोर कशाला' म्हणून. दुसरं कारण मोठं होतं. ज्या झाकणाखाली नवशीचा हात सापडला, त्याची बिजागरी जागृतीने बनवलेली होती.

डहाणूजवळ नरपडला, सावे कुटुंबाच्या वाडीतच, भावंडांचं वर्कशॉप होतं. धनेश गिऱ्हाइकं सांभाळायचा आणि जागृती यंत्रं. चिकूच्या चकत्या सुकवायची त्यांची पेटी बाजेएवढी लांबरुंद होती. वरून ट्रे ठेवायचे, झाकण लावायचं आणि ब्लोअरची गरम हवा आत खेळू द्यायची. झाकण दोन माणसांनी उचलावं इतकं जड. जुन्या पेट्यांवर राबणाऱ्या बायकांचे खांदे कायमचे धरलेले असत. ते बघून जागृतीने ही बिजागरी केली होती. झाकणाच्या डाव्या आणि उजव्या टोकाला एकेक नळी, प्रत्येक नळीत एक जाड स्प्रिंग. झाकण खाली येताना स्प्रिंग पिळली जाई आणि वजन तोलून धरी. उचलताना तोच पीळ हाताला मदत करी. एका तळव्याने झाकण वर जायचं आणि जिथं सोडाल तिथं थांबायचं. तिच्या उमेदीची वर्षं त्या दोन नळ्यांत गेली होती.

केंद्राचा मालक अमृत राऊत, बोर्डीकडचा बागायतदार, टेबलापाशी उभा होता. शेजारी तलासरी ठाण्याचे जमादार. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर एका स्प्रिंगचे दोन तुकडे. डाव्या बिजागरीतून निघाले, अमृत म्हणाला. काल सगळ्यांसमोर नळी उघडली, तेव्हा हे बाहेर आलं. त्याचा हिशेब सरळ होता. स्प्रिंग तुटली, झाकण जड झालं, नवशीने ते तसंच सोडून द्यायचं, ते न करता बेफिकिरीने एक हात आत ठेवून ओढलं. थोडा दोष लोखंडाचा, थोडा बाईचा.

जमादारांनी तिच्याकडे पाहिलं. "मॅडम, हे तुमचंच ना?"

"माझंच," जागृती म्हणाली, आणि तुकड्यांना हात न लावता सरळ पेटीकडे गेली.

डावी नळी रिकामी होती. उजवी जागेवर होती. तिने दोन्ही हातांनी झाकण उचललं. ते जड होतं, पण उचललं गेलं. मग तिने ते सोडलं. जमादार दचकून मागे सरकले. झाकण मात्र कुरकुरत, अडखळत, म्हाताऱ्या माणसाने बसावं तसं खाली आलं आणि काठावर टेकलं. एक स्प्रिंग कधीतरी तुटणार हे धरूनच तिने प्रत्येक नळीत कातड्याच्या चकत्या बसवल्या होत्या. स्प्रिंगच्या दाबाने त्या घासत राहत. एक बाजू गेली तर दुसरी झाकण रेंगाळत खाली आणी.

"आता एकच स्प्रिंग आहे," ती म्हणाली. "काल स्प्रिंग तुटली असेल, तर कालही झाकण असंच आलं असणार. याच्याखाली हात चिरडत नाही. हात काढून घ्यायला वेळ मिळतो."

अमृतने खांदे उडवले. मग बाई खोटं बोलत असेल, तो म्हणाला. तिलाच विचारा.

२

नवशीला विचारायला जागृती वापीला गेली.

पांढऱ्या बँडेजात गुंडाळलेला उजवा हात उशीवर ठेवून नवशी भिंतीकडे बघत पडली होती. सायवनची बाई, वयाने जागृतीएवढीच, दोन पोरांची आई. पुरुषासारखी कामाला उभी राहते, असं केंद्रात सगळेच सांगायचे. तिने जागृतीला ओळखलं, पण चेहरा वळवला नाही.

तिचं सांगणं थोडक्यात होतं. ती ट्रे आत सरकवत होती. झाकण वर होतं, त्याला दांडा लावलेला होता. दांडा सरकला आणि झाकण आलं. डोळा लवायच्या आत आलं. ओढायला तिचे हात मोकळे होतेच कुठे, दोन्ही हातांत ट्रे होता.

दांडा कशाला, जागृतीने विचारलं. त्या झाकणाला दांडा लागतच नाही.

"लागाचा," नवशी म्हणाली. "लई दिस लागाचा. दोघी मिळून उचलाचो आणि दांडा लावाचो. शेठला सांगला. तो बोलला, नवीन रबर लावलाय, बसल हळूहळू."

काही तुटल्याचा आवाज आला का, असं जागृतीने विचारलं. एवढी जाड स्प्रिंग तुटली तर फटाका फुटल्यासारखा आवाज होतो. नवशीने मान हलवली. आवाज झाला तो झाकणाचा, आणि मग तिचा स्वतःचा.

जागृतीने ऐकून घेतलं, पण मनातून ती डळमळीत होती. इतक्या दुखण्यात माणसाला क्षणाचं भान राहत नाही. अंगावर येणारी प्रत्येक वस्तू विजेसारखी आली असंच वाटतं. तिने दोनदा, तीनदा तोच प्रश्न फिरवून विचारला: नक्की एकदम आलं, की आधी थोडं हललं? तिसऱ्या वेळी नवशीने डोळे मिटून घेतले.

बाहेर व्हरांड्यात नीलम बसली होती. नवशीच्या जोडीने पेटीवर काम करणारी, तिच्याच पाड्यातली. तिनेही दांड्याचं सांगितलं. एका सुट्टीनंतर त्या कामावर आल्या तर झाकण अचानक दगडासारखं झालेलं. सुट्टीच्या आधी ते पहिल्यासारखं हलकं होतं. अमृतशेठने स्वतः बांबूचा दांडा आणून दिला. अपघातानंतर नवशीला गाडीत घालेपर्यंत दांडा तिथंच पडला होता. नंतर तो कुठेच दिसला नाही.

जागृती जिन्यावरच थांबली. एका स्प्रिंगने झाकण जड होतं, पण आपटत नाही. बांबूचा टेकू द्यावा लागतो आणि टेकू निसटताच ते आपटतं, याचा अर्थ एकच होता. दोन्ही नळ्यांतला पीळ काढलेला होता. पीळ गेला की कातड्याच्या चकत्यांवरचा दाबही जातो. मग उरतं ते नुसतं वजन. हे आपोआप होत नाही. कोणीतरी बसून, हाताने, दोन्ही बाजू सैल केल्या होत्या.

अंगातून गरम पाणी गेल्यासारखा संताप तिच्या डोक्यापर्यंत चढला. त्यात तिला आणखी एक गोष्ट आठवली. पीळ कमी-जास्त करायला दोन काट्यांची खास किल्ली लागते. कोणी उठून छेडछाड करू नये म्हणून तिने मुद्दाम तशी रचना केली होती, आणि ती किल्ली गिऱ्हाइकाला कधीच दिली नव्हती. ती एकच होती. नरपडच्या वर्कशॉपमध्ये, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली.

३

पीळ कोणी काढला असं जागृतीने विचारलं, तेव्हा अमृतकडे उत्तर तयार होतं. केंद्रात दीपक नावाचा वायरमन आहे, तो सगळ्यात बोटं घालतो, त्याने छिन्नी-हातोडीने काहीतरी केलं असेल. आजच त्याला घरी पाठवलं आहे.

दीपक घरी गेलेला नव्हता. चेकनाक्याजवळच्या ढाब्यावर ट्रकांच्या रांगेकडे तोंड करून तो चहा पीत बसला होता, आणि त्याचाही राग मावत नव्हता. नळी आपणच उघडली, तो म्हणाला, पण अमृतशेठने सांगितलं म्हणून. जमादार यायचे होते. शेठ म्हणाला, डावीकडची उघड.

"डावीकडचीच?"

"हां. उजवी ब्लोअरच्या मागे आहे, तिथं हातच जात नाही नीट. मला वाटलं, त्यासाठीच बोलला असेल. पण मॅडम, पान्याची गरजच नाय पडली. टोपण बोटांनी फिरलं. माझ्या आधी कोणीतरी उघडून परत लावलेलं होतं."

जागृती केंद्रात परतली आणि गुडघ्यांवर बसून तिने बिजागऱ्यांची टोकं पाहिली. डाव्या नळीच्या टोकाला पीळ कमी-जास्त करायची जी दातेरी चकती होती, तिच्यावर छिन्नीचा एकही ओरखडा नव्हता. ब्लोअरच्या मागे मान घालून उजवीकडची चकती पाहिली. पीळ बरोबर तिने ठरवलेल्या खाचेवर होता. पण केंद्रभर पिठासारखी धूळ बसलेली असताना त्या चकतीच्या खाचा मात्र स्वच्छ होत्या. ती नुकतीच फिरवलेली होती. किल्लीने, सफाईने.

म्हणजे अपघातानंतर कोणीतरी उजवी बाजू पुन्हा आवळली होती, आणि डावीत तुटकी स्प्रिंग निघाली होती.

ती अमृतसमोर जाऊन उभी राहिली. काही आठवड्यांपूर्वी याच माणसाची तक्रार आली होती. झाकण इतकं हलकं आहे की काठावर घट्ट बसत नाही, फटीतून गरम हवा जाते, माल सुकायला उशीर होतो. तक्रार खरी होती. झाकण दाबून धरणारी कडी बनवायला जागृतीने घेतली होती आणि तोवर थांबा असं धनेशकरवी कळवलं होतं.

तुम्ही थांबला नाहीत, ती अमृतला म्हणाली. झाकण आपल्याच वजनाने घट्ट बसावं म्हणून पीळ काढवून घेतलात आणि बायकांच्या हातात बांबू दिलात.

अमृतचा आवाज चढला. माल वेळेवर गेला नाही तर केंद्र बंद पडेल, मग याच बायका घरी बसतील, हे कोणी बघायचं? पण बिजागरीला त्याने हात लावलेला नाही. लावता येतही नाही, त्याच्याकडे किल्ली नाही, हे तिला चांगलं माहीत आहे.

ते तिला माहीत होतं. म्हणूनच पुढचा प्रश्न तिने त्याला विचारला नाही.

स्प्रिंगचे तुकडे एव्हाना ठाण्यात पोचले होते. तलासरीला जमादारांनी ते तिच्यासमोर ठेवले. सकाळी केंद्रात ती संतापाच्या भरात त्यांच्याकडे नीट बघायलाही थांबली नव्हती. आता तिने दोन्ही तुकडे उचलले, तुटलेली टोकं एकमेकांना जुळवली आणि वेटोळ्यावरून बोट फिरवलं. बोट उजवीकडे वर चढत गेलं.

जमादारांनी काय झालं म्हणून विचारलं.

तिने टेबलावरची सुतळी उचलली. दोरी ज्या बाजूला वळलेली असते त्याच बाजूला पिळली तर घट्ट होते, तिने दाखवलं. उलट पिळली तर सुटते, फुगते. स्प्रिंगचंही तेच. झाकणाच्या दोन टोकांच्या नळ्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या असतात, म्हणून उजव्या नळीत उजवीकडे वळलेली स्प्रिंग लागते आणि डाव्या नळीत डावीकडे वळलेली. उलटी स्प्रिंग घातली तर झाकण खाली आणताना ती फुगून नळीत घट्ट अडकते. झाकण बंदच होत नाही.

"ही उजवी स्प्रिंग आहे," ती म्हणाली. "आणि ती डाव्या नळीतून निघाली. ही त्या पेटीत तुटलेली नाही, जमादार. ही त्या पेटीत एकदाही वापरलेली नाही."

४

डहाणूकडे गाडी चालवताना तिने एकेक माणूस मनातून खोडत आणला.

तुटकी स्प्रिंग हवी असेल तर ती मिळते कुठे? बाजारात तुटक्या स्प्रिंगा मिळत नाहीत. असल्या जाडीच्या तुटक्या स्प्रिंगा एकाच ठिकाणी होत्या, तिच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात. बिजागरी किती टिकते हे बघायला तिने एक चाचणीचं यंत्र उभं केलं होतं. ते दिवसभर एक बिजागरी उघडझाप करायचं, स्प्रिंग तुटेपर्यंत. त्यावर बसवलेली बिजागरी उजवी होती. म्हणून डब्यातली प्रत्येक स्प्रिंग उजवी होती. तुटकी डावी स्प्रिंग कोणाला हवी असती, तरी ती जगात नव्हती.

त्या डब्यापर्यंत अमृत पोचू शकत नव्हता. दीपक तर वर्कशॉपला कधी आलाच नव्हता. उरले ते घरचे. शुक्रा आणि रूपी हे दोघे फिटर रोज बिजागऱ्या जोडत. डावी-उजवी ओळखणं हा त्यांचा पहिल्या दिवसाचा धडा होता, आणि त्यांच्या हातून अशी चूक झोपेतही झाली नसती. त्यांना फसवाफसवी करायची असती तर ब्लोअरमागे कितीही अडचण असली तरी त्यांनी ती स्प्रिंग उजव्याच नळीत घातली असती. जागृतीनेही तेच केलं असतं.

मग ज्याला किल्ली घेता येते, ज्याला डबा माहीत आहे, पण ज्याने आयुष्यात एकही बिजागरी जोडलेली नाही, असा माणूस कोण? अपघात झाला त्या दुपारी केंद्रात कोण होतं?

तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बराच वेळ स्टिअरिंग घट्ट धरून बसली. समोर ताडांची रांग होती. तिला रडू येईल असं वाटलं होतं. ते आलं नाही. तिच्या मुठी आवळलेल्याच राहिल्या.

वर्कशॉपमध्ये धनेश फोनवर होता. एका गिऱ्हाइकाला समजावत होता की स्प्रिंगच्या लोखंडातच खोट निघाली, आम्ही दुसऱ्याकडून घेऊ, घाबरायचं कारण नाही. तिने फोन संपेपर्यंत वाट पाहिली. शुक्रा आणि रूपीला बाहेर जायला सांगितलं नाही. ते दोघे कामावरून मान न उचलता ऐकत राहिले.

"दादा, डाव्या आणि उजव्या स्प्रिंगमध्ये फरक काय?"

धनेश हसला. "एक डावीकडे बसते, एक उजवीकडे. हा काय प्रश्न झाला?"

रूपीचा हात थांबला. तिने वर पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली.

जागृतीने डब्यातली एक तुटकी स्प्रिंग काढून भावासमोर ठेवली, शेजारी एक नवी डावी ठेवली, आणि जमादारांना सांगितलं ते सगळं पुन्हा सांगितलं. हळू, एकेक शब्द तोडून. धनेश मध्येच खुर्चीत बसला. तिचं बोलणं संपलं तेव्हा त्याने नाही म्हटलं नाही.

मग त्याने सांगितलं. अमृत रोज फोन करायचा. पेटी परत पाठवतो म्हणायचा, बोर्डी-घोलवडच्या सगळ्या बागायतदारांना सांगतो म्हणायचा. कडी तयार व्हायला तिला वेळ लागत होता. एका सुट्टीच्या दिवशी तो किल्ली घेऊन गेला आणि दोन्ही बाजूंचा पीळ काढून आला. कडी येईपर्यंतचाच प्रश्न होता. अपघाताचा फोन आला तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन सरकली. सैल बिजागरी सापडली असती तर कोणीतरी मुद्दाम सैल केली हे उघड झालं असतं. म्हणून निघताना त्याने डब्यातली एक तुटकी स्प्रिंग उचलली. सगळे नवशीच्या मागे धावत होते तेव्हा अमृतने दाराशी उभं राहून कोणाला आत येऊ दिलं नाही, आणि तेवढ्यात धनेशने डावी स्प्रिंग बदलून उजवी पुन्हा आवळली.

"स्प्रिंग तुटली म्हटलं की कुणाचाच हात नाही, जागू," तो म्हणाला. "लोखंड आहे, तुटतं. तुला वाईट वाटेल, पण निभावेल, असं मला वाटलं."

"आणि नवशी?"

"तिचं आपण बघितलं असतं. मी सोडणार नव्हतो तिला."

"जमादारांनी मला दाखवलं, तिच्या जबाबात बेफिकीर लिहिलंय. तिला शुद्ध नव्हती आणि अमृत ते सांगत होता, तेव्हा तू शेजारी उभा होतास."

धनेशने खुर्ची मागे सरकवली. मग वडिलांच्या नावाचं, वाडीचं, उद्या परत येणाऱ्या पेट्यांचं काहीतरी बोलायला लागला, आणि जागृतीला वाटलं की समोरची स्प्रिंग उचलून भिंतीवर फेकावी. लहानपणापासून या माणसाने तिची बाजू घेतली होती. इंजिनिअरिंगला जायला घरचे नको म्हणत होते तेव्हा हाच आडवा उभा राहिला होता. तोच आज तिला तोंडावर सांगत होता की तुझं काम वाईट आहे असं लोकांना वाटलं तर चालेल, त्या बाईचा हात तिच्याच चुकीने गेला असं ठरलं तरी चालेल, पण माझ्या हातून काय झालं ते कोणाला कळायला नको.

"खरी डावी स्प्रिंग कुठाय?" तिने विचारलं.

त्याचे डोळे बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे गेले.

डिकीत, स्टेपनीच्या खाली, गोणपाटात गुंडाळलेली ती सापडली. ग्रीसमध्ये माखलेली, अखंड. जागृतीने ती दोन्ही हातांनी उचलली आणि भावाला सांगितलं की ती तलासरीला निघाली आहे. त्याने बरोबर यावं किंवा तिच्या मागून पोलिसांच्या गाडीतून यावं.

तो बरोबर आला. 

५

ठाण्यात अमृतने आधी सगळं धनेशवर ढकललं. धनेशने ढकललं नाही, पण दांडा कोणी आणला, जड झाकणावर बायकांना कोणी उभं केलं आणि दांडा कुठे गेला, एवढं त्याने सांगितलं. दांडा ढाब्याच्या चुलीत गेला होता. दोघांवर गुन्हा दाखल झाला, केंद्राला कुलूप लागलं. दीपकला कोणी परत बोलावलं नाही. केंद्रच बंद होतं. घरी आई जागृतीशी बोलेनाशी झाली. ज्या गिऱ्हाइकांकडे पेट्या होत्या त्या सगळ्यांकडे जागृती, शुक्रा आणि रूपी स्वतः जाऊन आले आणि प्रत्येक नळी उघडून तपासली. एके ठिकाणी आणखी एक सैल बिजागरी निघाली. ती जागृतीने तिथंच किल्लीने आवळली.

नवशी घरी आल्याचं नीलमकडून कळलं तेव्हा ती सायवनला गेली. जाताना तिने मनात शब्द जुळवले होते. दोष तुझा नव्हता हे सिद्ध झालं आहे, हे सांगायला ती निघाली होती. ते ऐकून त्या बाईला बरं वाटेल अशी तिची समजूत होती.

नवशी ओट्यावर बसली होती. हात फडक्यात बांधून गळ्यात अडकवलेला. जागृतीने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दोन्ही बाजू कशा सैल केल्या, उलटी स्प्रिंग कशी सापडली, त्यावरून कसं कळलं की झाकण खरंच एकदम पडलं असणार.

नवशीने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "मी काय सांगला होता?"

जागृती ओट्याच्या काठावर बसली.

"मी सांगला, एकदम आला. सांगला, दांडा होता. तू तीन वेळा विचारलास. मग तू त्या स्प्रिंगीला विचारलास. तिने सांगला तवा तुला पटला." तिचा आवाज चढला नव्हता. "माझा हात गेला, तरी माझी गवाही नाय चालली. लोखंडाची चालली."

ओट्यावर ऊन आलं होतं. आत कोणीतरी भांडं ठेवलं. जागृतीला वाटत होतं की आपण या गोष्टीत रागावलेल्या बाजूला उभ्या आहोत. आता त्याच रागाचं तोंड तिच्याकडे वळलं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. क्षमा माग, असं तिचं मन म्हणत होतं. ते फार स्वस्त वाटलं.

"खरं आहे," ती म्हणाली. "मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही."

नवशीने गळ्यातलं फडकं सारखं केलं. मग विचारलं की पोलिसांच्या कागदावर तिच्या नावाने आता काय लिहिलेलं आहे. जागृतीने सांगितलं की नवे जबाब झाले आहेत, धनेशचा, अमृतचा, दीपकचा, तिचा स्वतःचा. नवशीचा जुनाच आहे, अमृतने सांगितलेला. पण आता त्याला काही किंमत नाही, केस त्याच्याशिवायही उभी राहील.

"माझ्याशिवाय," नवशी म्हणाली.

ती उठली. आत जाऊन धुतलेलं लुगडं नेसून आली. एका हाताने निऱ्या बसेनात, म्हणून नीलमने पुढे होऊन खोचून दिल्या. मग ती जागृतीच्या गाडीपाशी जाऊन उभी राहिली, दार उघडायची वाट बघत.

तलासरीला जमादार जेवायच्या बेतात होते. त्यांनी समजावलं की घाई नाही, तब्येत सांभाळा, नंतर येऊन सही केली तरी चालेल. नवशी समोरच्या बाकावर बसली आणि बोलायला लागली. पेटी पहिल्यांदा आली तेव्हापासून, झाकण हलकं होतं तेव्हापासून. जमादारांनी डबा बाजूला सारला आणि पेन घेतलं. थोड्या वेळाने त्यांनी हात वर करून जरा हळू सांगायला सांगितलं.

"मी सांगते तसा लिव्हा," नवशी म्हणाली, आणि बोलण्याचा वेग कमी केला नाही.